अनंताचा मोजणीदार

‘वेड’ या शब्दाशी मराठी माणसाचा व्यवहार मोठा सैल आहे. नाटकाचे वेड, पुस्तकांचे वेड, गडकिल्ल्यांचे वेड असे आपण कौतुकाने म्हणतो. लेकराला ‘वेडा कुठला’ म्हणून जवळ ओढतो. आणि ज्याला विठ्ठलाचे पिसे लागले त्याच्यापुढे तर हात जोडतो. परंतु तोच शब्द येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीपाशी आला, की आपला आवाज आपोआप खाली उतरतो, आणि ज्या घरातले एखादे माणूस काही काळ त्या भिंतीआड राहून आले असेल, त्या घराशी सोयरीक जुळविताना मध्यस्थसुद्धा ती गोष्ट कानाशी लागून सांगतात. एका वेडाचा गौरव आणि दुसऱ्याची लाज अशी ही वाटणी आपण कशाच्या आधारावर केली, आणि या दोन वेडांचे आपापसांत खरोखरच काही नाते आहे काय, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळीत आला आहे.

प्रतिभा आणि उन्माद ही सख्खी भावंडे आहेत, ही समजूत काही आजची नव्हे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रीक प्रश्नसंग्रहात असे विचारलेले आहे की, तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत जे जे असामान्य ठरले ते सारे कृष्णपित्ताच्या प्रकृतीचे, म्हणजे विषण्ण स्वभावाचे, का असावेत. एकोणिसाव्या शतकात इटलीतील चेझारे लोंब्रोझो या वैद्याने या जुन्या समजुतीला शास्त्राचा अंगरखा चढविला आणि प्रतिभा ही मुळातच एक मनोविकृती असल्याचे प्रतिपादन केले. तेव्हापासून या विषयावर लिहिणारे बहुतेक जण तेच ते दाखले पुढे करीत आले आहेत: व्हान गॉगचा कान, शुमानने ऱ्हाईन नदीत घेतलेली उडी, व्हर्जिनिया वुल्फचा अंत. पण चित्रात किंवा कवितेत कर्त्याचा आजार किती उतरला हे ठरविण्याचे माप कोणापाशीच नसल्याने, ज्याला जे सिद्ध करावयाचे असते ते त्याला त्या चित्रात हटकून सापडते. म्हणून मी येथे एका गणित्याची कहाणी सांगणार आहे. गणितातील सिद्धता एक तर उभी राहते किंवा कोसळते. ती लिहिली त्या दिवशी लिहिणाराचे मन थाऱ्यावर होते की नव्हते, हे तिला विचारण्याचे कारणच पडत नाही.

गेओर्ग कँटरचा जन्म ३ मार्च १८४५ रोजी रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथे झाला. वडील मूळचे डेन्मार्कचे, सचोटीचे आणि धर्मनिष्ठ व्यापारी. आईचे घराणे संगीतज्ञांचे. आणि स्वतः गेओर्गही व्हायोलिन चांगले वाजवीत असे. वडिलांच्या प्रकृतीसाठी १८५६ साली हे कुटुंब जर्मनीत येऊन राहिले. मुलगा पंधरा वर्षांचा होऊन त्याच्यावर धर्मदीक्षेचा संस्कार झाला, त्या प्रसंगी वडिलांनी त्याला एक लांबलचक पत्र लिहिले, ज्याचा आशय असा होता की, बुद्धिमान माणसेही संकटांच्या पहिल्याच धक्क्याला मोडून पडतात ती अंतःकरणात श्रद्धेचा गाभा नसल्यामुळे, आणि आपल्या साऱ्या आप्तेष्टांचे डोळे तुझ्याकडे लागलेले आहेत. हे पत्र त्याने जन्मभर जपून ठेवले. प्रेमळ बापाचे पत्रही मुलाच्या खांद्यावर केवढे ओझे ठेवू शकते, हे ज्यांना आपापल्या घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. वडिलांच्या मनात त्याने अभियंता व्हावे असे होते; १८६२ साली त्यांनी गणिताला मंजुरी दिली, आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

बर्लिनमध्ये वायरश्ट्रास, कुमर आणि क्रोनेकर या तीन दिग्गजांच्या हाताखाली शिकून १८६९ साली कँटर हाले येथील विद्यापीठात अध्यापनास लागला. आज ना उद्या बर्लिनहून आपल्याला बोलावणे येईल अशी त्याची अपेक्षा होती. ते कधीच आले नाही. चव्वेचाळीस वर्षांची सारी नोकरी त्याने हालेतच काढली.

त्याने केले काय, ते गणिताची धास्ती घेतलेल्या वाचकालाही सांगता येण्यासारखे आहे. लग्नाच्या पंगतीत यजमान माणसे मोजीत बसत नाही. प्रत्येक पाटावर एक माणूस बसले आणि एकही पाट रिकामा किंवा एकही माणूस उभे राहिले नाही, की पाट आणि माणसे सारखी, मग ती पन्नास असोत की पाचशे. या ‘एकास एक संगती’च्या कसोटीला आकडा लागत नाही, आणि म्हणूनच ती अनंत समूहांनाही लावता येते. एक, दोन, तीन, चार असे सर्व अंक एका बाजूस मांडावे आणि दोन, चार, सहा, आठ असे केवळ सम अंक दुसऱ्या बाजूस. एकापुढे दोन, दोनापुढे चार, तिनापुढे सहा असे बसवीत गेल्यास कोणीच शिल्लक राहत नाही. म्हणजे अर्धे काढून घेतले तरी उरलेले पहिल्याइतकेच. गॅलिलिओने १६३८ साली वर्गसंख्यांच्या बाबतीत हा चमत्कार पाहिला होता आणि अनंताच्या बाबतीत लहान-मोठे हे शब्दच गैरलागू आहेत असे म्हणून तो मागे फिरला होता. आपल्या भास्कराचार्यांनी, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे, शून्याने भागून येणाऱ्या ‘खहर’ राशीविषयी हेच सांगितले: तीत कितीही मिळवा वा तीतून कितीही काढा, ती बदलत नाही; सृष्टीच्या आणि प्रलयाच्या वेळी भूते निघाली किंवा विलीन झाली तरी अच्युत जसा बदलत नाही तशी. अनंत म्हटले की तेथे मोजणी संपली आणि नमस्कार सुरू झाला, अशीच ही वृत्ती. अनंताचेही प्रकार पाडण्याचे धाडस जैन गणितज्ञांनी फार पूर्वी केले होते खरे. पण ते प्रकार परस्परांहून भिन्न आहेत याची रुजुवात घालण्याचे साधन कोणापाशी नव्हते.

ते साधन कँटरने निर्माण केले. ७ डिसेंबर १८७३ रोजी आपला स्नेही डेडेकिंट याला लिहिलेल्या पत्रात त्याने दाखवून दिले की, एका रेषेवरील सर्व बिंदू आणि एक-दोन-तीन हे सर्व अंक यांची पंगत कधीच जुळत नाही. बिंदू नेहमी उरतात. त्याची पुढे १८९१ साली दिलेली दुसरी सिद्धता तर इतकी सुटसुटीत आहे की, ती वाचून मला दर वेळी एखाद्या निष्णात वकिलाची उलटतपासणी ऐकल्याचा आनंद होतो. समजा, एका अतिदक्ष कारकुनाने एक न संपणारी नोंदवही ठेवली आहे. तिच्या प्रत्येक ओळीत ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांची एक न संपणारी माळ लिहिलेली आहे, आणि कारकुनाचा दावा असा की, अशी जी जी माळ कल्पिता येईल ती ती या वहीत अनुक्रमांकानिशी दाखल आहे. आपण तपासनीस म्हणून जातो आणि आपली एक माळ तयार करतो: वहीच्या पहिल्या ओळीतील पहिला शब्द पाहून त्याच्या उलट शब्द, दुसऱ्या ओळीतील दुसरा पाहून त्याच्या उलट, तिसरीतील तिसऱ्याच्या उलट, याप्रमाणे अखेरपर्यंत. आता ही माळ वहीत कोठे आहे? पहिली ओळ ती नव्हे, कारण पहिल्याच जागी फरक आहे, शंभरावी नव्हे, कारण शंभराव्या जागी फरक आहे, कोणतीच नव्हे. कारकुनाने तीही माळ वहीत चढविली तरी आपण पुन्हा नवी काढू. तेव्हा काही अनंत समूह असे आहेत की जे कोणत्याही अनंत नोंदवहीत मावत नाहीत. अनंतांत लहान-मोठेपण आहे, आणि त्यांची चढती भाजणी कोठेही थांबत नाही. या भाजणीच्या पायऱ्यांना कँटरने ‘आलेफ’ या हिब्रू अक्षराची नावे दिली.

१८७७ साली रेषेवर जितके बिंदू तितकेच चौरसात, हे सिद्ध झाल्यावर त्याने डेडेकिंटला फ्रेंचमध्ये कळविले की, हे मला दिसते आहे पण माझा विश्वास बसत नाही. स्वतःच्याच शोधाविषयी असे लिहिणारा मनुष्य कल्पनेच्या भराऱ्या मारणारा नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे; सिद्धता जेथे नेईल तेथे नाइलाजाने जाणारा तो होता.

विरोध झाला, आणि तो घरातूनच झाला. गुरू क्रोनेकर याचे मत असे होते की, पूर्णांकांपासून सांत पायऱ्यांनी जे बांधून दाखविता येईल तेवढेच गणित. बाकी सारे शब्दांचे खेळ. हे मत खुळचट नव्हते, त्याला आजही जाणते अनुयायी आहेत. पण क्रोनेकरचा स्वभाव मतभेद मतापुरता ठेवणारा नव्हता. कँटरला तो तरुणांना बिघडविणारा म्हणत असे असे सांगतात. कँटरच्या एका महत्त्वाच्या निबंधाच्या छपाईला जो विलंब झाला त्यामागे क्रोनेकरचाच हात असल्याची कँटरची खात्री झाली. आणि बर्लिनचे दार बंद राहण्यास तो कारण होता यात फारसा संशय नाही. मिटाग-लेफ्लर या स्वीडिश मित्राने आपल्या नव्या नियतकालिकात त्याला आश्रय दिला. परंतु १८८५ साली त्यानेसुद्धा, हा निबंध काळाच्या शंभर वर्षे आधी आला आहे, तेव्हा तो परत घ्यावा, अशी सूचना केली. वैऱ्याच्या घावापेक्षा मित्राची ही काळजी कँटरला अधिक लागली असावी.

त्याआधीच, १८८४ च्या मे महिन्यात, पॅरिसचा एक यशस्वी दौरा करून परतल्यावर कँटर पहिल्यांदा कोसळला. महिनाभराहून थोडे अधिक चाललेल्या त्या आजारातून उठल्यावर त्याने क्रोनेकरला समेटाचे पत्र लिहिले, मंत्रालयाकडे गणिताऐवजी तत्त्वज्ञान शिकविण्याची परवानगी मागितली, आणि शेक्सपियरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली या मताच्या पुराव्यांचा शोध सुरू केला. यांतील बेकनचे वेड पुढेही पुनःपुन्हा डोके वर काढणार होते.

आता या आजाराचे कारण काय? शोनफ्लीस या गणित्याने १९२७ साली कँटरची काही पत्रे प्रसिद्ध करून त्याचे खापर क्रोनेकरच्या छळावर आणि एका अनुत्तरित गणिती प्रश्नाच्या ताणावर फोडले. १९३७ साली इ. टी. बेल या रसाळ लेखकाने त्यात बापाच्या धाकाची फोडणी घातली, आणि अनंताकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाचे डोळे दिपले अशी जी एक काव्यमय कथा जगभर रूढ झाली तीत या साऱ्याची भर आहे. कथा चांगली आहे, पण तारखांशी तिचा मेळ बसत नाही. क्रोनेकर १८९१ च्या डिसेंबरात वारला. कँटरचे मनोरुग्णालयातील मुक्काम मुख्यतः १८९९ नंतरचे आहेत, म्हणजे वैरी जाऊन सात-आठ वर्षे लोटल्यानंतरचे. १८७३ चा मूळ शोध पहिल्या आजाराच्या दहा वर्षे अगोदरचा. १८९१ ची सिद्धता आणि १८९५ ते १८९७ मध्ये लिहिलेली सिद्धांताची भक्कम मांडणी ही दोन आजारांमधल्या शांत काळातील. आजाराच्या कालखंडात लिहिलेले आणि आज गणितात टिकून असलेले असे मला काही दिसत नाही. जर्मन वैद्य क्रेपेलिन याने ज्याला १८९९ साली ‘उन्माद-विषाद’ हे नाव दिले, आणि ज्याला आज द्विध्रुवी विकार म्हणतात, त्याच जातीचा हा विकार असावा असे नंतरच्या बहुतेक अभ्यासकांचे मत पडते. हा विकार शरीरात मूळ धरून असतो, ऋतूसारखा येतो आणि जातो. अपमान किंवा शोक त्याला निमित्त होऊ शकतात, पण जनक होऊ शकत नाहीत. त्यावरचे पहिले खरे औषध, लिथियम, १९४९ साली हाती आले. कँटरच्या वाट्याला विश्रांती, कोमट स्नाने आणि वाट पाहणे एवढेच होते.

मग या माणसाच्या आजाराचे आणि प्रतिभेचे काहीच नाते नाही काय? मला वाटते, आहे. पण ते लोंब्रोझो शोधीत होता तेथे नाही. ते शोधण्यासाठी कँटरच्या धर्मचिंतनाकडे वळले पाहिजे, ज्याकडे गणिताचे इतिहासकार बराच काळ ओशाळवाणेपणाने पाठ करून उभे होते.

आपण अनंताचे प्रकार शोधले असे कँटर म्हणत नसे. ते आपल्याला कळविले गेले, आपण केवळ लेखनिक, अशी त्याची निष्ठा होती. परंतु अनंत हा तर ईश्वराचा गुण. त्याची मोजदाद मांडणे म्हणजे ईश्वरालाच वहीत चढविणे, आणि सृष्टीत अनंत मानणे म्हणजे सृष्टी आणि स्रष्टा एक करून टाकणे, असा आक्षेप येणार हे त्याला दिसत होते. जन्माने प्रॉटेस्टंट असूनही त्याने रोमच्या कॅथलिक पंडितांशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८६ साली कार्डिनल फ्रान्झेलिन यांनी हीच शंका घेतली, तेव्हा कँटरने उत्तरादाखल अनंताचे दोन इलाखे करून दिले: एक वाढविता येण्याजोगा, निर्मित, ज्याची मोजणी गणिताने करावी, आणि दुसरा केवल, ज्यात भर घालता येत नाही, जो एकट्या ईश्वराचा आणि ज्यात मोजणीदाराला प्रवेश नाही. कार्डिनलांचे समाधान झाले. आपल्याकडे द्वैत-अद्वैताच्या वादात मुरलेल्या वाचकाला ही तडजोड ओळखीची वाटेल. पुढे १८९४ साली एर्मित या फ्रेंच गणित्याला लिहिलेल्या पत्रात कँटरने असा आशय मांडला की, बर्लिन किंवा गटिंगेनसारख्या मोठ्या जागी जाण्याच्या माझ्या इच्छा ईश्वराने पुऱ्या केल्या नाहीत याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, कारण त्यामुळेच मी धर्मशास्त्राकडे वळलो आणि त्याची व चर्चची अधिक चांगली सेवा करू शकलो.

हे पत्र मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा तेव्हा थांबतो. हुकलेली बढती, अपमान, हालेतील एकांत, या साऱ्या विस्कळित जमाखर्चाची येथे एका झटक्यात खतावणी झाली आहे, आणि खाते जमेचे निघाले आहे. नाझींच्या छळछावण्यांतून वाचून आलेला व्हिएन्नाचा मनोवैद्य व्हिक्टर फ्रांकल याने १९४६ साली जे मांडले, की मनुष्य सुखापेक्षाही अर्थाच्या शोधात असतो आणि दुःखाला अर्थ लाभला की ते सोसता येते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते द्यावे? आजारामागून आजार येत असताना हा मनुष्य परत परत उठून अध्यापनाला गेला. १८९० साली जर्मन गणितज्ञांची संघटना उभी राहिली ती मुख्यतः त्याच्या धडपडीने, आणि तिच्या पहिल्या सभेत भाषणासाठी त्याने निमंत्रण पाठविले ते क्रोनेकरला.

परंतु हीच अर्थाची भूक दुसऱ्या ताटावर बसली की काय होते, याचा दाखलाही त्याच्याच चरित्रात आहे. १८९६-९७ मध्ये त्याने बेकनविषयी पुस्तिका छापल्या. जुन्या दप्तरांतून संकेत वेचले. जेथे इतरांना केवळ योगायोग दिसे तेथे त्याला इशारा दिसू लागला. १९०५ साली, रुग्णालयातील एका मुक्कामानंतर, येशूचा जन्मदाता पिता कोण याविषयी एक पुस्तिका त्याने स्वतःच छापून घेतली. जो मनुष्य स्वतःच्या डोळ्यांना दिसलेल्या निष्कर्षावरही सिद्धतेवाचून विश्वास ठेवीत नव्हता, तोच येथे जेमतेम पुराव्यावर केवढ्या इमारती उठवीत होता! क्लाउस कॉनराड या जर्मन मनोवैद्याने १९५८ साली मनोविकाराच्या प्रारंभीच्या एका अवस्थेचे वर्णन केले आहे: रुग्णाला प्रत्येक गोष्ट आपल्याला उद्देशून काही सांगते आहे असे वाटू लागते, रस्त्यावरचा फलक, दारातला कुत्रा, वर्तमानपत्रातील मथळा, सारे अर्थाने ओथंबून येते. उन्मादातही असेच घडते; आणि विषादात नेमके उलट, सगळ्यांतून अर्थ निचरून जातो, आपले नावसुद्धा परके वाटते. म्हणजे ज्याला आपण मनाचा आजार म्हणतो तो पुष्कळदा अर्थाचाच आजार असतो, एकदा पुराचा आणि एकदा दुष्काळाचा. कँटरच्या गणितात आणि बेकनवेडात जी भूक होती ती एकच होती, असे मला वाटते. फरक लगामाचा होता. गणितात प्रत्येक पावलाला सिद्धता जाब विचारीत होती, डेडेकिंटसारखा मित्र पत्रे परत धाडून चुका दाखवीत होता, आणि कर्त्याने कितीही आर्जव केले तरी खोटे प्रमेय खरे होत नव्हते. बेकनच्या प्रांतात असा कोणी पंचच नव्हता.

१६ डिसेंबर १८९९ रोजी कँटर बेकन आणि शेक्सपियर यांवर व्याख्यान देण्यासाठी लाइपझिगला गेला असता इकडे हालेत त्याचा धाकटा मुलगा रुडोल्फ अकस्मात वारला. मुलगा तेराव्या वर्षात होता, नाजूक प्रकृतीचा, आणि व्हायोलिन शिकत होता. त्यानंतर फेलिक्स क्लाइन याला लिहिलेल्या पत्रात बापाला आठवले ते स्वतःचे तरुणपणीचे व्हायोलिन, आणि आपण संगीत सोडून गणिताकडे का वळलो हा प्रश्न. त्याच वर्षी त्याने प्राध्यापकीतून मोकळे करून एखाद्या ग्रंथालयात शांत जागा द्यावी असा अर्ज मंत्रालयाकडे केला होता, आणि तो मान्य न झाल्यास रशियाच्या परराष्ट्रसेवेत दाखल होण्याची धमकीही त्यात जोडली होती. मंत्रालयाने धमकी दुर्लक्षिली आणि रजा मात्र वेळोवेळी मंजूर केली. नोकरशाहीची अशी समंजस उदाहरणे विरळा, म्हणून ती नमूद करून ठेवतो.

१९०४ च्या ऑगस्टात हायडलबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत हंगेरीच्या क्योनिगने कँटरच्या एका मुख्य अनुमानाविरुद्ध, ज्याविषयी शेवटी सांगतो, सिद्धता मांडली. मुलींना बरोबर घेऊन आलेला कँटर भर सभेत हे ऐकत बसला होता. त्या सिद्धतेतील दोष थोड्याच अवधीत उघडकीस आला, पण चारचौघांत झालेली ती नामुष्की त्याच्या मनातून गेली नाही.

प्रतिभा आणि आजार यांच्या नात्याविषयी अलीकडच्या संशोधनाचा कौल येथे थोडक्यात सांगावासा वाटतो, कारण तो लोंब्रोझोला आणि त्याच्या विरोधकांना अशा दोघांनाही अडचणीचा आहे. अमेरिकेत नॅन्सी अँड्रीसन या मनोवैद्य बाईंनी १९८७ साली आयोवाच्या लेखनशाळेतील तीस लेखकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील ऐंशी टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी भावविकार झालेला आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य लोकांत हे प्रमाण तीस टक्के होते. पण माणसे मोजकी, आणि मुलाखती घेणारीला कोण लेखक आणि कोण नव्हे हे आधीच ठाऊक, त्यामुळे या आकड्यांवर किती भार टाकावा याविषयी मतभेद आहेत. २०११ साली स्वीडनमध्ये सरकारी नोंदींवरून सुमारे तीन लाख रुग्णांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा द्विध्रुवी विकाराचे रुग्ण सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेहून काहीसे अधिक सापडले. छिन्नमनस्कतेचे रुग्ण मात्र एकंदरीने तसे सापडले नाहीत. मला त्यातली सर्वांत बोलकी वाटली ती तिसरी गोष्ट: या दोन्ही आजारांच्या रुग्णांची स्वतः निरोगी असलेली भावंडे त्या व्यवसायांत अधिक होती. म्हणजे घराण्यात काहीतरी असते, ते ज्याच्या वाट्याला बेताने येते तो भाऊ चित्रकार होतो, आणि ज्याच्या वाट्याला बेहिशेबी येते तो रुग्णालयात जातो, असे ढोबळपणे म्हणता येईल. आजार ही प्रतिभेची किंमत आहे असे म्हणून औषध नाकारणाऱ्या तरुण कवींनी, आणि असे कवी मला भेटलेले आहेत, या भावंडांचा जरूर विचार करावा.

कँटर १९१३ साली निवृत्त झाला. १९१५ साली त्याच्या सत्तरीचा मोठा समारंभ व्हावयाचा होता, तो महायुद्धामुळे राहून गेला. १९१७ च्या जूनमध्ये त्याला अखेरचे हालेच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. युद्धामुळे अन्नाचा तुटवडा होता, तो खंगत चालला होता, आणि मला घरी न्या अशी विनवणी तेथून पत्नीला करीत होता. ६ जानेवारी १९१८ रोजी हृदयक्रिया बंद पडून तेथेच त्याचा अंत झाला.

ज्या अनुमानाने त्याला जन्मभर झुलविले ते असे होते: अंकांचे अनंत आणि रेषेवरील बिंदूंचे अनंत यांच्यामध्ये तिसरे, मधल्या मापाचे अनंत नाही. हिल्बर्टने १९०० साली पॅरिसमध्ये नव्या शतकासाठी जे प्रश्न मांडले त्यांत हा पहिला होता. पहिल्या आजारातून उठल्यावर, २६ ऑगस्ट १८८४ रोजी, कँटरने मिटाग-लेफ्लरला कळविले होते की, अनुमान सिद्ध झाले. १४ नोव्हेंबरला कळविले की, ते खोटे असल्याचे सिद्ध झाले. दुसऱ्याच दिवशी तेही मागे घेतले. या तीन पत्रांकडे मन ढळल्याचा लेखी पुरावा म्हणून बोट दाखविणे पुढे फार सोपे झाले.

कुर्ट ग्योडेल याने १९४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, समूहांच्या या शास्त्राच्या, म्हणजे संचसिद्धांताच्या, रूढ गृहीतकांच्या आधारे हे अनुमान खोटे ठरविता येणार नाही. हा ग्योडेल पुढे विषप्रयोगाच्या धास्तीने अन्न टाकून, सुमारे तीस किलो वजनाचा होऊन, १९७८ च्या जानेवारीत प्रिन्स्टन येथे वारला. त्याची कहाणी वेगळी आहे आणि ती दुसऱ्या कोणीतरी लिहावी. १९६३ साली पॉल कोहेन या तरुण अमेरिकन गणित्याने उरलेली अर्धी बाजू पुरी केली: त्याच गृहीतकांवरून ते अनुमान खरेही ठरविता येणार नाही. कँटरच्या त्या दोन्ही सिद्धता चुकीच्या होत्या, हे खरेच. पण ऑगस्टात ‘होय’, नोव्हेंबरात ‘नाही’ आणि दुसऱ्या दिवशी ‘नाही’चीही माघार, असा जो हेलकावा त्या पत्रांतून दिसतो, तो ज्या प्रश्नाविषयी होता त्या प्रश्नाला रूढ गृहीतकांनिशी या दोहोंपैकी एकही उत्तर देता येत नव्हते.